अडलेला गृहपाठ

गेल्या रविवारी दुपारी साडेबाराला ऐरोलीच्या खाडीपुलावरून पाणी काठोकाठ दिसलं. या रविवारी त्याच वेळी काठाला नुसता चिखल. टीचरनी कारण लिहून आणायला सांगितलंय. ‘चंद्रामुळे’ एवढं पुरेल का?
– इयत्ता ७ वी, ऐरोली

नाही पुरणार. चंद्र दोन्ही रविवारी होताच. बदलली ती त्याची जागा, आणि उत्तरात तेच यायला हवं. चंद्र पृथ्वीभोवती फिरताना सूर्याच्या मानाने रोज साधारण १२ अंश पुढे सरकतो. पृथ्वीला १ अंश वळायला ४ मिनिटं लागतात. म्हणजे ऐरोली पुन्हा चंद्रासमोर यायला २४ तासांवर जवळपास ५० मिनिटं जास्त, आणि भरतीही रोज तेवढीच उशिरा. आता सात दिवसांचा हिशोब कर: ७ × ५० = ३५० मिनिटं, पावणेसहा तासांहून थोडं जास्त. भरतीनंतर ओहोटी सव्वासहा तासांच्या आसपास येते. म्हणून आठवड्याने त्याच वेळी तुला उलटं चित्र दिसलं.

पडताळा घरीच घे. आजीला पाऊणकी येत असेल तर तिलाच विचार, कारण कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशोब हाच: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता. अमावस्या-पौर्णिमेला शून्य धरायचं, म्हणजे १२. भिंतीवरच्या कॅलेंडरात दोन्ही रविवारच्या तिथी बघ. पहिला अमावस्या किंवा पौर्णिमेजवळचा निघेल, दुसरा सप्तमी-अष्टमीचा. हिशोब ढोबळ आहे, शिवाय पाणी मुंबई बंदरातून खाडीत आत यायला वेळ घेतं, त्यामुळे थोडा फरक पडेल. पहिल्या रविवारी उधाण होतं, म्हणूनही पाणी काठोकाठ. अष्टमीला भांगाची भरती असते, तिला पाणी इतकं चढत नाही.

आकृतीत चंद्राच्या लागोपाठच्या दोन दिवसांच्या जागा दाखव. मुलं हमखास ४५ अंशांचा कोन काढतात. कोनमापक घेऊन १२ च काढ.

हळदीच्या पट्टीवर मुलाने लिंबू पिळलं, रंग बदललाच नाही. हळद भेसळीची असेल का?
– पालक, कळवा

हळदीला दोष देऊ नका. हळद आम्लारीत लाल होते. आम्लात आणि साध्या पाण्यात पिवळीच राहते. प्रयोग फसलेला नाही, निष्कर्ष तेवढा नीट लिहायचा: हळद आम्लारी ओळखते, आम्ल आणि उदासीन यांत फरक दाखवत नाही.

पट्टीसाठी १ चमचा हळद २ चमचे पाण्यात कालवून टिपकागदावर लावा आणि पंख्याखाली वाळवा. उन्हात ठेवलीत तर रंग उडतो. कपड्याच्या साबणाच्या पाण्याने पट्टी लाल करा आणि त्याच डागावर लिंबू पिळा, ती परत पिवळी होते. वहीत हे लिहिलं की लिंबाचंही काम दिसतं. आम्ल थेट ओळखायचं असेल तर जास्वंदीच्या ५-६ पाकळ्या अर्धा कप गरम पाण्यात १० मिनिटं ठेवा. ते पाणी लिंबाने गडद गुलाबी होतं, खायच्या सोड्याने हिरवट.

ठाण्याहून पनवेलला ताशी ४० किमी वेगाने गेलो, त्याच रस्त्याने ६० ने आलो. सरासरी ५० का नाही?
– इयत्ता ८ वी, कोपरी

कारण ४० च्या वेगाने तू जास्त वेळ रस्त्यावर होतास. अंतर दिलेलं नाही म्हणून अडू नकोस, लसावि १२० धर. जाताना ३ तास, येताना २. एकूण २४० किमी, ५ तास, उत्तर ४८. दोन्ही वेगांनी सारखाच वेळ गेला असता तर ५० आले असते.

‘शिक्षकांनी मुलांना शिकवले.’ कर्त्याला ‘नी’ आहे, मी कर्मणी लिहिलं. चूक का दिली?
– इयत्ता ९ वी, कोपरखैरणे

‘ने-नी’ बघून प्रयोग ठरवायचा नसतो, क्रियापद कोणाच्या मागे जातं ते बघायचं. कर्म बदल: मुलाला शिकवले, मुलींना शिकवले. क्रियापद जागचं हललं नाही. कर्ता बदल: बाईंनी मुलांना शिकवले. तरीही तेच. म्हणून भावे. याउलट ‘रेणूने आंबा खाल्ला’मध्ये आंब्याऐवजी चिंच ठेव, लगेच ‘खाल्ली’ होतं. तो कर्मणी.

परीक्षेत फसवणारं वाक्य वेगळंच असतं: ‘आईने मुलांना हाक मारली.’ ‘मुलांना’ बघून भावे लिहिलंस तर पुन्हा चूक. इथे क्रियापद ‘हाक’च्या मागे आहे. ‘हाका’ करून बघ, ‘मारल्या’ येतं की नाही!