ऑनलाइन मास्टर्स करून अमेरिकेत प्राथमिक शिक्षिका होता येतं का? (बी.कॉम., वय ३८, एच-४ वर म्हणजे नवऱ्याच्या एच-१बी वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, न्यू जर्सी)

येतं. मी झाले आहे. न्यू जर्सीतच एका पब्लिक स्कूलमध्ये दुसरीचा वर्ग घेते. खरं तर एवढंच लिहून सोडणार होते. पण प्रश्नाच्या खाली तुम्ही जोडलंय ना, "घरचे म्हणतात ऑनलाइन डिग्रीला कोण विचारतं, त्यापेक्षा सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स कर", ते वाचलं आणि हातातला चहा गार झाला.

हे वाक्य मी २०२१ च्या गणपतीत ऐकलंय. एडिसनला मोठ्या दिरांकडे गणपती बसतो. मी मोदकाची उकड मळत होते आणि भाऊजी पाणी घ्यायला आत आले. माझी ॲडमिशन झाल्याचं त्यांना नवऱ्यानं सांगितलं होतं. "अगं, वीस हजार डॉलर घालून पोरांची शेंबडं पुसायची? टेस्टिंग शीक, सहा महिन्यांत लागशील. आणि ऑनलाइन म्हणजे शेवटी आपलं बाहेरून बी.ए.च की!" माझं बी.ए. बाहेरूनच झालंय, हे त्यांना पक्कं माहीत होतं. मी काही बोलले नाही. त्या दिवशीचे मोदक मात्र फुटले.

आता आधी कामाचं. शिकवायचं लायसन्स राज्य देतं, कॉलेज नाही. म्हणून "कोणती युनिव्हर्सिटी चांगली" हा तुमचा प्रश्न उलट्या टोकाकडून आलाय. न्यू जर्सीला काय लागतं ते आधी बघा, मग कॉलेज. बाहेरच्या राज्यातलं ऑनलाइन कॉलेज असेल, तर त्यांचा कोर्स कुठल्या राज्यांच्या अटी पूर्ण करतो ते त्यांना जाहीर करावंच लागतं, २०२० पासून तसा केंद्राचा नियम आहे. त्यांच्या साइटवर राज्यांची यादी शोधा. न्यू जर्सीसमोर "ठरवलेलं नाही" असं काही दिसलं तर पुढचं पान उघडू नका, मग फी कितीही कमी असो.

दुसरं, तुम्हाला मास्टर्स लागतंच असं नाही. इथे अल्टरनेट रूट आहे. पदवी, जीपीए (चारपैकी सरासरी गुण) किमान ३.०, परीक्षा, की ‘सीई’ म्हणजे नोकरी शोधता येण्याचा पात्रता दाखला मिळतो. मग ५० तासांचा छोटा कोर्स करायचा, नोकरी मिळवायची आणि पगार घेत घेत ४०० तासांचं प्रशिक्षण पुरं करायचं. कागदावर उत्तम आहे. मी सीई काढलं होतं आणि तीन शाळांत मुलाखती दिल्या होत्या. "वर्ग सांभाळलाय का?" "हो, सहा वर्षं." "कुठे?" सातारा जिल्हा, माण तालुका, जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. मग ते छान हसायचे आणि पाणी हवं का विचारायचे. तिसऱ्या मुलाखतीनंतर मी ठरवलं, इथल्या वर्गात उभं राहिल्याशिवाय हे लोक मला धरणार नाहीत, आणि तसं उभं करणारा रस्ता म्हणजे पूर्ण शिक्षकी कोर्स. मास्टर्स मी त्यासाठी केलं. पदवीच्या कागदाचं मला अप्रूप नव्हतं. पगाराच्या तक्त्यात मास्टर्सचा रकाना वेगळा आणि वरचा असतो, तो फायदा आहेच.

आणि आता ज्याला भाऊजी ऑनलाइन म्हणत होते त्याबद्दल. वाचन, निबंध, चर्चा, लेसन प्लॅन हे सगळं रात्री साडेनऊनंतर स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मान्य. पण न्यू जर्सीत सीईएएसच्या, म्हणजे पूर्ण शिक्षकी कोर्स केल्यावर मिळणाऱ्या दाखल्याच्या रस्त्यानं गेलात तर शेवटचं अख्खं शैक्षणिक वर्ष शाळेत जातं. पहिल्या सत्रात किमान १७५ तास, दुसऱ्या सत्रात रोज पूर्णवेळ. सकाळी पावणेआठला हजर, एका अनुभवी बाईंच्या हाताखाली, बिनपगारी. ते झूमवर होत नाही. कॉलेजनं शाळा शोधून देणं अपेक्षित होतं, पण आमच्या कॉलेजनं ऐन ऑगस्टात "तुमच्या ओळखीत बघा" असं कळवलं. मी सब म्हणजे बदली शिक्षिका म्हणून जायचे त्या शाळेच्या ऑफिसमध्ये बसणाऱ्या बाईंनी शब्द टाकला म्हणून जमलं. तर तुम्हीसुद्धा आधी सब टीचरचं काम धरा. त्यातून दिवसाचे पैसे बरे सुटतात, पण खरी कमाई म्हणजे ऑफिसातल्या बाई तुम्हाला नावानं ओळखतात.

एक धडा सांगते, कारण तो अजून डोक्यातून जात नाही.

२०२३ चा फेब्रुवारी. दुसरी, बावीस मुलं. वजाबाकी. ट्रायपॉडवर टॅबलेट लावलेला, कारण कॉलेजच्या माझ्या सुपरवायझर बाई दुसऱ्या राज्यात बसून बघणार होत्या. मी फळ्यावर ४३ वजा १८ उभी मांडली आणि डी.एड.ला शिकल्यासारखी घडाघडा सुरू झाले. तिनातून आठ जात नाहीत, शेजारच्या चारकडून एक उसना घेतला, तिनाचे तेरा झाले. इंग्रजीत बोलत होते, पण डोक्यात हेच चाललं होतं. मग मुलांना एक गणित दिलं. वह्या बघत फिरले तर निम्म्यांच्या वहीत उत्तर तिसाच्या पुढे. ६२ वजा ३७ ला ३५. कशी? सातातून दोन गेले, पाच. सहातून तीन गेले, तीन. मोठ्यातून लहान काढायचा एवढंच पोरांनी उचललं होतं. वरचा कोण आणि खालचा कोण, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

वर्गाच्या मूळ बाईंनी मला मधल्या सुट्टीत शांतपणे बाजूला घेतलं. इथे ही उभी मांडणी सफाईनं यावी अशी अपेक्षा चौथीत असते. दुसरीत मुलांना दशक फोडता आला पाहिजे, तो फोडताना दिसला पाहिजे. "बॉरो" हा शब्दही त्या टाळायच्या. कोणी कोणाकडून काही घेत नाही, एका दशकाचे दहा एकक होतात, बस. मला भयंकर लाज वाटली. कारण हे मला येत होतं. मी हेच शिकवायचे!

माणमधल्या आमच्या शाळेत गणिताची पेटी म्हणजे एक गंजलेला पत्र्याचा डबा होता. त्यात कडब्याच्या काड्या, वीतभर कापलेल्या. दहा काड्यांचा गठ्ठा, आणि गठ्ठ्याला सायकलच्या जुन्या ट्यूबचं कापलेलं रबर. ती ट्यूब पंक्चरवाला फुकट द्यायचा. शिक्षणसेवक म्हणून ३,००० रुपये मानधन होतं, त्यात विकतचं साहित्य कुठून येणार? ४३ म्हणजे चार गठ्ठे, तीन सुट्ट्या. अठरा काढायच्या तर सुट्ट्या पुरत नाहीत, मग एक गठ्ठा सोडा. पोरं रबर सोडायला भांडायची. अमेरिकेत येऊन, जाडजूड पुस्तकं वाचून, कॅमेऱ्यासमोर उभी राहिल्यावर मी तो डबा विसरले आणि ज्या पद्धतीनं मला माझ्या चौथीच्या गुरुजींनी छडी घेऊन शिकवलं होतं तिच्यावर घसरले.

त्या संध्याकाळी डॉलर स्टोअरमधून आइस्क्रीमच्या काड्यांची पाकिटं आणि केसांची छोटी रबरं आणली. रात्री लेकीला घेऊन गठ्ठे बांधले. दुसऱ्या दिवशी प्रत्येक जोडीला सहा गठ्ठे आणि दोन सुट्ट्या. सदतीस काढा. एक मुलगा होता, वर्षभर गणिताच्या तासाला टेबलाखाली जायचा. त्यानं एक गठ्ठा हातात घेतला, रबर ताणलं, ते सुटून थेट बाईंच्या कॉफीच्या मगावर. वर्ग हसला. त्यानं काड्या टेबलावर पसरल्या, मोजल्या, बारा. सात बाजूला सारल्या. मग तीन गठ्ठे उचलले आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "इट्स ट्वेंटी-फाइव्ह. इट वॉज ऑलवेज ट्वेंटी-फाइव्ह." जणू मीच इतके दिवस चुकत होते. पुढचे चार दिवस तो काड्या वाटणारा मॉनिटर होता.

सुपरवायझर बाईंनी व्हिडिओ बघून लिहिलं, हे साहित्य कुठल्या संशोधनावर आधारित आहे ते निबंधात नमूद करा. मी संदर्भ जोडले, करावंच लागतं. कडब्याबद्दल काही लिहिलं नाही, जागाही नव्हती. मूळ बाईंना मात्र सांगितलं. नोकरीसाठी मुख्याध्यापिकेला पत्र त्यांनीच लिहिलं.

तर ऑनलाइन डिग्रीला कोण विचारतं? मला मुलाखतीत कोणीही विचारलं नाही की वर्ग ऑनलाइन होते का. विचारलं ते स्टुडंट टीचिंग कुठे केलं, कोणाच्या हाताखाली, आणि वाचनात मागे पडलेल्या मुलाला कसं घ्याल. भाऊजींना हे मी तेव्हाच सांगू शकले असते, पण तेव्हा मलाच माहीत नव्हतं. टेस्टिंगवाल्या कामात त्यांचे गेल्या तीन वर्षांत दोनदा ले-ऑफ झाले. हे लिहायला नको होतं. असू दे.

परीक्षांचं थोडक्यात. माझ्या वेळी प्रॅक्सिस कोअर ही वाचन-लेखन-गणिताची मूलभूत परीक्षा लागायची, ती न्यू जर्सीनं १ जानेवारी २०२५ पासून काढून टाकली, तुमचं नशीब. एडटीपीए नावाचं एक प्रकरण होतं, तुमच्या धड्यांचे व्हिडिओ आणि पानंच्या पानं लिहून बाहेर तपासायला पाठवायची, फी ३०० डॉलर. मी ते भरायच्या बेतात होते आणि डिसेंबर २०२२ मध्ये कायदा होऊन राज्यानं ती अटच उठवली. मग कॉलेजनं स्वतःचं मूल्यमापन लावलं, पण तो त्रास निम्मा होता. विषयांची प्रॅक्सिस मात्र आहे: भाषा, गणित, समाजशास्त्र, विज्ञान. मी समाजशास्त्रात एकदा आपटले. गणितात आपण जिंकतो, पण रिकन्स्ट्रक्शनचा, म्हणजे अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतरचा काळ आपल्या पुस्तकात कुठे होता? पुन्हा बसायला २८ दिवस थांबावं लागतं. त्या २८ दिवसांत मी लेकीचं इतिहासाचं पुस्तक पाठ केलं. शिवाय शरीरशास्त्र आणि आरोग्याची एक छोटी परीक्षा काउंटीच्या (इथल्या जिल्ह्याच्या) ऑफिसात जाऊन दिली होती. ऐकायला गंमत वाटते, पण त्या विषयाचा कागद नसेल तर माझ्या वेळी फाइल अडायची.

तुमची खरी अडचण बी.कॉम. आहे, आणि ती तुम्ही विचारलेलीच नाही. एक तर तीन वर्षांची पदवी. परदेशी पदव्या तपासणाऱ्या काही मूल्यांकन संस्था तिला इथली बॅचलर्स धरतात, काही "तीन वर्षांचं पदवीपूर्व शिक्षण" असं लिहून मोकळ्या होतात. माझ्या बाबतीत पहिल्या संस्थेनं तसंच लिहिलं. दुसरीनं डी.एड. आणि बी.ए. एकत्र धरून पूर्ण पदवी दिली. त्यामुळे पैसे भरण्याआधी संस्थेचा तुमच्या पदवीबाबतचा नियम लेखी विचारा, आणि ती संस्था राज्याला चालते का तेही बघा. दुसरं, प्राथमिकसाठी न्यू जर्सीला लिबरल आर्ट्स किंवा विज्ञानातला मुख्य विषय लागतो, नाहीतर त्या विषयांचे ६० क्रेडिट्स. तुमचं अर्थशास्त्र आणि भाषा त्यात बसतील. अकाउंटन्सी, ऑडिटिंग, टॅक्सेशन नाही बसणार. कमी पडतील तेवढे काउंटी कॉलेजात करा, मास्टर्सच्या दरानं करू नका. हे आधी न मोजता फी भरलेल्या दोघी माझ्या ओळखीत आहेत.

पैसे: पुस्तकं, परीक्षा, मूल्यांकन, बोटांचे ठसे सगळं धरून माझे एकवीस हजारांच्या आसपास गेले. वर ते बिनपगारी सत्र, त्यात सबची कमाईही बंद. घरात दुसरा पगार नसता तर जमलं नसतं, हे मोकळेपणी सांगते.

आणि एक, जे मी सगळ्यात वर लिहायला हवं होतं. एच-४ वर शिकायला हरकत नाही, पण नोकरीला, सबच्या कामालाही, ईएडी म्हणजे कामाचा परवाना लागतो, आणि तो नवऱ्याची आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीनं केलेला अर्ज) मंजूर असेल किंवा त्याला एच-१बीची सहा वर्षांपुढची मुदतवाढ मिळाली असेल तरच. नसेल तर डिग्री आणि लायसन्स हातात घेऊन घरी बसावं लागेल. शाळा व्हिसा स्पॉन्सर करतील या भरवशावर राहू नका. ईएडी हातात असल्याशिवाय फी भरू नका. मी इतकं रंगवून सांगितलं म्हणून वाहवत जाऊ नका.

वयाचं विचारलंत. शिक्षिका म्हणून इथला पहिला पगार जमा झाला तेव्हा मी अडतीसचीच होते. आज एकच करा, भारतातल्या विद्यापीठाकडे ट्रान्सक्रिप्टचा (सगळ्या वर्षांच्या अधिकृत गुणपत्रकाचा) अर्ज टाका. माझं सीलबंद पाकीट निघायला सात महिने लागले, तेही सासरे तीनदा एस.टी.नं जाऊन खिडकीशी उभे राहिले तेव्हा.