दुरुस्तीनंतर लॅपटॉप अचानक बंद पडू लागला, तर दोष कुठे शोधावा?

आपण लिहिले आहे, की खानापूरला घरी वापरत असलेल्या लॅपटॉपचे तुटलेले हिंज, म्हणजे झाकणाची बिजागरी, आपण बेळगावच्या एका दुकानात बदलून घेतले, त्याच वेळी पंखा साफ करून थर्मल पेस्टही, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर वाहून नेण्यासाठी त्यावर लावतात तो लेपही, नवी भरून घेतली, आणि तेव्हापासून तो दिवसातून दोन-तीनदा काहीही न सांगता बंद पडतो. दुकानदार आता विंडोज नव्याने टाकू या म्हणत आहे, आणि ते करावे का, असे आपण विचारले आहे.

माझे उत्तर असे, की आत्ता तरी करू नये. मी निपाणीत हेच काम करतो, आणि तक्रार दुरुस्तीच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली असेल, तर जिथे माणसाचा हात फिरला तिथेच आधी पाहावे, ही सवय मला स्वतःच्या चुकांनी लावली आहे. विंडोज टाकल्याने सैल बसलेला कनेक्टर घट्ट होत नाही. आपला एक दिवस मात्र जातो.

सर्वांत आधी ‘बंद पडतो’ म्हणजे नेमके काय होते, ते ठरवावे लागेल. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे यंत्रात काय घडले त्याच्या नोंदी दाखवणारा विंडोजमधीलच प्रोग्राम, उघडून त्यातील विंडोज लॉग्जमध्ये सिस्टम ह्या भागात बंद पडल्याच्या वेळेभोवतीच्या नोंदी पाहाव्यात. कर्नल-पॉवर ह्या नावाखाली 41 क्रमांकाची नोंद असेल, तर यंत्र रीतसर बंद न होता थांबले, एवढाच तिचा अर्थ आहे. ही नोंद पुढच्या वेळी यंत्र चालू होताना पडते आणि ती कारण सांगत नाही. तिच्या तपशिलात बगचेक कोड, म्हणजे विंडोजच्या बिघाडाचा क्रमांक, शून्य असेल, तर बिघाडाचा निळा पडदा न येताच सगळे थांबले, म्हणजे बहुधा वीजच तुटली, असे समजून पुढे जावे. 1074 क्रमांक असेल, तर एखाद्या प्रोग्रामने किंवा अपडेटने आज्ञा देऊन यंत्र बंद केले आहे, आणि मग दुकानदाराला बोल लावण्यात अर्थ नाही. 42 क्रमांक असेल, तर लॅपटॉप बंद पडलेला नसून झोपलेला आहे.

हा शेवटचा प्रकार हिंज बदलल्यावर होऊ शकतो. बऱ्याच लॅपटॉपांच्या झाकणात एक लहान चुंबक असते आणि खालच्या भागात ते ओळखणारा सेन्सर असतो. झाकण उघडून जोडताना चुंबक सरकले, तर झाकण उघडे असूनही यंत्राला ते मिटलेले वाटू शकते. पॉवरच्या सेटिंगमध्ये झाकण मिटल्यावर ‘काहीही करू नये’ असा पर्याय निवडून एक दिवस वापरून पाहावे. त्रास थांबला, तर दोष सापडला.

नोंद 41 चीच असेल, तर पुढची परीक्षा सोपी आहे. लॅपटॉप चालू करताना बायोसच्या, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या यंत्राच्या मूळ सेटिंगच्या, पानावर जावे आणि तिथेच अर्धा-पाऊण तास त्याला तसाच राहू द्यावे. त्या वेळी विंडोज चालूच नसते. तरीही तो बंद पडला, तर विंडोज निर्दोष आहे, हे दुकानदारालाही मान्य करावे लागेल. मात्र बायोसमध्ये तो टिकला म्हणजे आतील भाग ठीक आहेत असे होत नाही, कारण तिथे प्रोसेसरवर फारसा ताण येत नाही.

ताण आल्यावरच बंद पडत असेल, तर उष्णतेचा संशय घ्यावा. उष्णता सहसा आधी चाहूल देते: पंखा घोंघावू लागतो, काम मंदावते, कारण प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करून तापमान आवरण्याचा प्रयत्न करतो, आणि तेही साधले नाही की स्वतःला वाचवण्यासाठी यंत्र बंद होते. बऱ्याच इंटेल प्रोसेसरांची मर्यादा 100 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तापमान दाखवणारा एखादा मोफत प्रोग्राम लावून व्हिडिओ कॉल सुरू करावा आणि आकडा किती वेळात चढतो, ते पाहावे.

काही वर्षांपूर्वी तंबाखूच्या वखारीतील एका मुनिमांचा लॅपटॉप माझ्याकडे साफ करायला आला होता. आमच्याकडे ही तपकिरी भुकटी पावसाळ्यातील दमटपणाने पंखाच्या तोंडाशी अशी बसते, की जाळीवर घोंगडीचा तुकडा अंथरल्यासारखे दिसते. मी सगळे साफ करून पेस्ट भरून दिले, आणि चौथ्या दिवशी मुनीम परत आले: टायपिंग ठीक चालते, हिशेबाची मोठी फाईल उघडली की बंद. पुन्हा खोलले तेव्हा प्रोसेसरवर बसून त्याची उष्णता ओढून घेणाऱ्या तांब्याच्या पट्टीवरील पेस्टचा ठसाच सगळे सांगत होता; एका कोपऱ्यात ती कागदासारखी दाबली गेली होती, तर समोरच्या कोपऱ्यात मी भरली तशीच जाड उभी होती. पट्टीच्या स्क्रूंजवळ 1, 2, 3, 4 असे आकडे कोरलेले असतात आणि ते त्याच क्रमाने, थोडेथोडे करून आवळायचे असतात. मी घाईत एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरीकडे वळलो होतो, त्यामुळे पट्टी तिरकी बसली. शेजारच्या चिपवरील थर्मल पॅड, म्हणजे उष्णता वाहून नेणारी मऊ गादी, मूळच्यापेक्षा जाड लावले, तरी पट्टी अशीच प्रोसेसरपासून अधांतरी राहते. अर्थात त्या दिवशी मी मुनिमांकडून पैसे घेतले नाहीत.

कोणतीही चाहूल न देता, पंखा शांत असतानाही यंत्र दिवा मालवल्यासारखे बंद होत असेल, तर वाट विजेकडे जाते. झाकण हळूच पुढे-मागे करताना किंवा लॅपटॉप एका कोपऱ्याने उचलताना तो बंद पडतो का, हे पाहावे. तसे झाले तर हिंजजवळ दबलेली वायर, अर्धवट बसलेला बॅटरीचा कनेक्टर किंवा आत सुटा राहिलेला स्क्रू, यांपैकी काहीतरी आहे. एवढे दिसले की चालू यंत्राशी आणखी खेळू नये, कारण शॉर्ट झाल्यास मदरबोर्डच जाईल.

चार्जरही उलटून त्यावरील आकडे पाहावेत, कारण दुकानात दहा सारख्या वायरी एकत्र पडलेल्या असतात आणि अदलाबदल होते. मूळचा चार्जर 19.5 व्होल्ट आणि 3.33 अँपिअरचा, म्हणजे 65 वॉटचा असेल आणि त्याऐवजी 2.31 अँपिअरचा, म्हणजे 45 वॉटचा, परत आला असेल, तर बॅटरी अशक्त असताना ताण आल्यावर यंत्र कोसळू शकते. बॅटरीच अशक्त असेल, तर खानापूरच्या पावसात क्षणभर लाईट गेली तरी लॅपटॉप जातो आणि खापर मात्र दुरुस्तीवर फुटते. लाईट गेल्याची आणि बंद पडल्याची वेळ दोन-तीन दिवस वहीत टिपून ठेवावी.

हे करून दुकानात जाल, तेव्हा नोंदींचे फोटो दाखवून लॅपटॉप आपल्यासमोर उघडायला सांगावा आणि पंखा व बॅटरीचे कनेक्टर, हिंजमधून जाणारी वायर आणि पेस्टचा ठसा हे तीन भाग पाहून घ्यावेत. त्याआधी कॉलेजचे सगळे काम पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावे, कारण 41 ची नोंद जितक्या वेळा पडते तितक्या वेळा उघडी फाईल खराब होण्याचा धोका असतो.