नागपुरात राहून फिल्म एडिटर होता येतं का?

तुझा प्रश्न असा: बारावीला आहे, नागपुरात राहतो, फिल्म एडिटर व्हायचंय. मोठ्या एडिटरचं करिअर घडतं कसं, त्याची सुरुवात इथून होते का, आणि कॉम्प्युटर कोणता घ्यावा? तू माझ्या मुलाच्या वयाचा आहेस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नको. मी स्वतः एडिटर आहे. १९९६ ला सीताबर्डीच्या एका व्हिडिओ स्टुडिओत कामाला लागलो, मग मुंबईत पाच वर्षं असिस्टंट होतो, आता परत इथंच आहे.

सुरुवात इथून होते. राजकुमार हिरानी आपल्या नागपूरचेच. वडिलांची इथं टायपिंग इन्स्टिट्यूट होती. आज सगळे त्यांना दिग्दर्शक म्हणून ओळखतात, पण पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ते संकलन शिकले. दिग्दर्शनाला अर्ज फार, तिथं लागणं कठीण, म्हणून संकलन घेतलं. पुढे मुंबईत जाहिराती केल्या, '१९४२: अ लव्ह स्टोरी'चे प्रोमो केले, २००० साली आलेल्या 'मिशन काश्मीर'चं संकलन केलं. दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा, 'मुन्नाभाई एमबीबीएस', आला २००३ च्या डिसेंबरात. तेव्हा ते एक्केचाळीस वर्षांचे होते. तू सतरा-अठराचा आहेस, तेव्हा हा आकडा लक्षात ठेव. 'थ्री इडियट्स', 'पीके', 'संजू' यांचं संकलन त्यांनी स्वतःच केलं आहे. त्यांच्या सिनेमात विनोद झाला की बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघ. तो चेहरा किती वेळ पडद्यावर ठेवायचा हे एडिटिंग टेबलवर ठरतं, आणि हसू तिथंच येतं किंवा मरतं.

पण एका एडिटरचं काम नीट बघायचं असेल तर मी रेणू सलुजांचं नाव घेईन. त्याही पुण्याच्या त्याच इन्स्टिट्यूटच्या, हिरानींच्या दहाएक वर्षं आधीच्या. ज्या '१९४२'चे प्रोमो हिरानींनी केले, त्या सिनेमाचं संकलन रेणूजींचं. 'जाने भी दो यारों' आणि 'अर्धसत्य' हे दोन्ही १९८३ चे सिनेमे त्यांनीच एडिट केले. ते पाठोपाठ बघ. पहिल्यात शेवटी महाभारताच्या नाटकात सगळे एका प्रेतामागे स्टेजवर धावत सुटतात, नुसता गोंधळ, तरी कोण कुणाच्या मागे आहे हे एकदाही हरवत नाही. दुसऱ्यात एक पोलीस अधिकारी आतून कुजत जातो, आणि कट असा बसतो की श्वास घ्यायला जागा राहत नाही. दोन्ही एकाच बाईच्या हातचे आहेत हे सांगितल्याशिवाय कळणार नाही. सिनेमाला जे हवं ते द्यायचं आणि आपली खूण मागे ठेवायची नाही, हे फार थोड्यांना जमतं. 'परिंदा', 'धारावी', 'सरदार' आणि 'गॉडमदर' या चार सिनेमांसाठी त्यांना संकलनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ऑगस्ट २००० मध्ये त्या गेल्या, फक्त अठ्ठेचाळीस वर्षांच्या. मी तेव्हा मुंबईत नवा होतो. त्यांना भेटायचं राहून गेलं, ही खंत अजून आहे.

आता हे काम नेमकं काय असतं ते माझ्या अनुभवातून सांगतो, कारण पुरस्कारांची यादी वाचून ते कळत नाही.

स्टुडिओत आम्ही लग्नाच्या कॅसेट एडिट करायचो. दोन व्हीसीआर, एकावर मूळ टेप लावायची, दुसऱ्यावर हवा तेवढा भाग उतरवायचा. मधेच एखादा शॉट घालायचा राहिला तर त्याच्या पुढचं सगळं पुन्हा उतरवावं लागे. मे महिना, लग्नांचा सीझन, कूलर फक्त मशीनच्या बाजूला. एका लग्नात बिदाई झाल्यावर कॅमेरावाल्याने कॅमेरा बंदच केला नव्हता. गाडी निघून गेली, पाहुणे पांगले आणि मुलीचे वडील एकटेच लॉनवरच्या प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक रचत बसले. बिछायतवाल्याची माणसं बाजूला उभी होती, ते काम त्यांचं होतं. मी तो भाग सरळ उडवला आणि वराकडचं रिसेप्शन लावलं.

दादांनी (आमचे मालक) कॅसेट बघितली आणि विचारलं, "हे काहून कापलं बे?"

मी म्हटलं, "त्याच्यात पोरगीच नाही ना, दादा."

"पोरगी नाही म्हणूनच तं ठेवाचं होतं."

तासाभराचं रिसेप्शन पुन्हा उतरवायला पहाट झाली. पण त्याहून जास्त वेळ गेला तो शॉट कुठं तोडायचा हे ठरवण्यात. पूर्ण ठेवला तर कंटाळा येतो, लवकर तोडला तर माणूस नुसता खुर्च्या उचलताना दिसतो. शेवटी सापडलं: तिसरी खुर्ची ठेवून ते थांबतात, हात खुर्चीवरच राहतो, तिथं कट. माझं खरं शिक्षण त्या रात्री सुरू झालं असं मी मानतो. पुढे मुंबईत स्टीनबेकवर, म्हणजे फिल्म एडिट करायच्या मशीनवर, फिल्म हाताळली, ३५ एमएमचा हजार फुटांचा रोल जेमतेम अकरा मिनिटं चालतो हे शिकलो, मग सगळं कॉम्प्युटरवर गेलं. मशीन बदलत गेली. पण "इथं तोडू की अजून थांबू" हा प्रश्न तोच आहे.

म्हणून सॉफ्टवेअरच्या क्लासला आत्ता पैसे घालू नको. दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती भरपूर झाली. त्यापेक्षा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालात जा आणि मोबाइलवर मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक, शूट कर. काळी मारबत, पिवळी मारबत, बडगे, "घेऊन जा गे मारबत"चा गजर, गर्दी. घरी आलास की तासभराच्या फुटेजमधून तीन मिनिटं काढ, संगीत न लावता. लगेच कळेल की काळी मारबत एका शॉटमध्ये डावीकडून उजवीकडे जातेय आणि पुढच्यात उजवीकडून डावीकडे, कारण तू मधेच रस्त्याच्या पलीकडे गेलास. बघणाऱ्याला वाटणार मिरवणूक परत फिरली. मग दोन्हींच्या मधे एखादा चेहरा, ढोल, गच्चीवरून बघणारी म्हातारी असं काही शोधावं लागेल. सापडलं नाही तर पुढच्या वर्षी शूट करताना आपोआप लक्षात राहील. तीन मिनिटांचं झालं की त्याचंच दीड मिनिट कर. त्यात तुझा सगळ्यात आवडता शॉट जाईल. जाऊ दे.

बारावीनंतर पदवी कर, कोणतीही चालेल. पुण्याचा संकलनाचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे, तीन वर्षांचा, प्रवेश परीक्षा देऊन. कोलकात्याच्या सत्यजित राय इन्स्टिट्यूटमध्येही संकलन शिकवतात. नाही लागला तर असिस्टंट म्हणून शिरता येतं. मी तसाच शिरलो. पहिली दोन वर्षं फक्त आवाज आणि चित्र जुळवणं, टेकची नोंद ठेवणं, नावं टाकून सगळं जागेवर लावणं. कंटाळवाणं वाटेल, पण सगळे रशेस, म्हणजे शूट झालेलं कच्चं फुटेज, अगदी फुकट गेलेले टेकसुद्धा, त्या असिस्टंट पोराइतके कुणीच बघत नाही. नट कुठं चुकला आणि कुठं चुकून खरं बोलून गेला, हे त्यालाच आधी कळतं.

घरच्यांना पैशाची काळजी असेल, ती रास्त आहे. सुरुवातीची चार-पाच वर्षं ओढाताणीची जातात, हे त्यांच्यापासून लपवू नको.

आणि कॉम्प्युटर जुना चालेल. हेडफोन मात्र चांगला घे, कारण अर्धे कट आधी कानाला खटकतात, मग डोळ्याला.