युरियासोबत गळ्यात मारलेलं टॉनिक आणि करपलेली कपाशी

भाऊ, युरियाच्या गोण्यांसोबत दुकानदाराने टॉनिकची बाटली घ्यायला लावली, ती कीटकनाशकात मिसळून मारली आणि कपाशी करपली, असं तुम्ही लिहिलंय. हे दुखणं आमच्याही ओळखीचं. 45 किलोच्या गोणीचा दर सरकारने 266.50 रुपयांवर बांधलाय, त्यात दुकानदाराला फार सुटत नाही; तो कमाई बाटलीतून काढतो. शिवाय स्वस्त म्हणून युरिया जास्त पडला की कपाशी लुसलुशीत होते, मावा-तुडतुडे वाढतात आणि पुन्हा त्याच दुकानात औषधासाठी जावं लागतं.

लिंकिंग, म्हणजे खतासोबत दुसरा माल जबरदस्तीने गळ्यात मारणं, बेकायदा आहे, पण आता भरपाईचं बघा. सगळ्यात नडतं ते फोडलेली बाटली घेऊन कृषी कार्यालयात जाणं. आमच्याकडच्या एका कार्यालयाने (नाव नको) अर्धी बाटली ठेवून घेतली आणि बऱ्याच दिवसांनी सांगितलं, हा नमुना चालत नाही. अरे, मग पहिल्याच दिवशी सांगायचं ना! 1968 च्या कीटकनाशक कायद्यानुसार नमुना निरीक्षकाने काढायचा असतो, तीन भाग करून, सील लावून. लहान पॅकिंग असेल तर तीन बाटल्या घेता येतात. तो दुकानातल्या बंद मालातून काढायला लावा. उशीर केला की ती बॅच दुकानात सापडतच नाही. म्हणून अर्जाच्या पहिल्याच ओळीत बॅच नंबर टाका, 'याच बॅचचा नमुना तातडीने काढावा' असं लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. विश्लेषकाचा अहवाल 30 दिवसांत यायला हवा.

टॉनिकसाठी मात्र वेगळा अर्ज करा. अशी टॉनिकं, म्हणजे जैव-उत्तेजकं, 2021 पासून खत नियंत्रण आदेशात आहेत. एकाच अर्जात दोन्ही घातलं की एक टेबल दुसऱ्याकडे बोट दाखवतं.

कंपनीचा माणूस येऊन 'तुमच्या पंपात तणनाशक होतं' म्हणणारच. 2,4-डी या तणनाशकाचा अंश पंपात राहिला असेल तर कपाशीचं नवीन पान भेंडीच्या पानासारखं चिरलेलं, निमुळतं निघतं. औषधाने भाजलं असेल तर पानाचा आकार तोच राहतो, कडा आणि ठिपके वाळतात. दोन-तीन पानं हातात धरून जवळून फोटो काढा. न फवारलेली तासं (ओळी) असतील तर त्यांचाही. पुढच्या वेळी चार तासं मुद्दाम सोडा आणि तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा, कितीही धुतला तरी भरवसा नाही.

पीक विम्याच्या नादी लागू नका, त्यात हे बसत नाही. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि मोबदला, म्हणजे मालासाठी तुम्ही मोजलेले पैसे, 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मी वकील नाही, तेवढं विचारून घ्या. बिल नसेल तर प्रकरण लंगडं पडतं. फोनवरून पैसे दिले असतील तर ती नोंद तरी जपा. आणि उरलेली बाटली फेकू नका, झाकण घट्ट लावून लेबलसकट सावलीत ठेवा, लेकरांच्या हाती लागणार नाही अशी.