वाचकांचे प्रश्न : हिवतापाच्या परजीवीवरील संशोधन

प्रश्न : मी सोलापुरात सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. वडील यंत्रमागावर काम करतात. हिवतापाच्या परजीवीवर रेण्वीय जीवशास्त्राच्या अंगाने संशोधन करावे असे मला वाटते; परंतु रक्त तपासून गोळ्या दिल्या की जो ताप उतरतो, त्यासाठी आयुष्य घालवण्यासारखे काय उरले आहे, असे घरचे विचारतात.
— एक विद्यार्थिनी, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : घरच्यांचा प्रश्न रास्त आहे. मात्र ज्या गोळ्यांवर त्यांचा भरवसा आहे, त्या कायमच्या नसतात. प्लास्मोडियम फाल्सिपेरम या घातक जातीवर एकेकाळी हुकमी ठरलेले क्लोरोक्विन आज आपल्याकडे त्या जातीसाठी वापरले जात नाही. परजीवीच्या एका जनुकातील बदलामुळे हे औषध निकामी होते, हे 2000 साली स्पष्ट झाले. पुढे 2014 मध्ये आर्टेमिसिनिन या हिवतापावरील दुसऱ्या औषधाला दाद न देणाऱ्या परजीवींतही असाच एका जनुकातील बदल सापडला. नवे औषध शोधायचे तर परजीवी जगतो कसा, हे आधी कळले पाहिजे.

या क्षेत्रातील आयुष्य कसे असते, हे जीवरसायनशास्त्रज्ञ गोविंदराजन पद्मनाभन यांच्या कामावरून चांगले समजेल. परजीवी आपल्या तांबड्या पेशीत शिरून हिमोग्लोबिन खातो. त्यातून सुटणारे हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोहयुक्त भाग, त्याला विषारी असल्याने तो त्याचे स्फटिक करून टाकतो, आणि क्लोरोक्विन नेमकी हीच क्रिया अडवते. भोवती इतके हीम असताना हा जीव स्वतःचे हीम वेगळे तयार करतो, असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतून पद्मनाभन आणि नमिता सुरोलिया यांनी 1992 मध्ये दाखवले. ही निर्मिती थांबवली तर परजीवी मरेल, अशी साहजिकच आशा निर्माण झाली. मधल्या काळात पद्मनाभन त्या संस्थेचे संचालकही होते. पण हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. 2013 मध्ये त्यांच्याच गटाने हीमनिर्मितीची जनुके काढून टाकलेले परजीवी तपासले, तेव्हा रक्तातील अवस्थेत ते व्यवस्थित वाढले, मात्र डासाच्या शरीरात आणि यकृतात त्यांची वाढ खुंटली. म्हणजे रक्तातील परजीवीचे यजमानाच्या हीमवर भागते, आणि स्वतःच्या हीमची खरी गरज त्याला दुसऱ्याच टप्प्यांत पडते. स्वतःची जुनी आशा एकवीस वर्षांनी स्वतःच्याच प्रयोगाने दुरुस्त करणारा हा निष्कर्ष मला पहिल्याहून मोलाचा वाटतो, कारण मार कुठे बसेल हे त्यातून कळले. तुम्हाला असे काम पेलेल का, एवढाच प्रश्न घरी मांडा.

वाट लांब आहे, पण अवघड कोडे नाही : एम.एस्सी., नेट किंवा गेटसारखी परीक्षा आणि पुढे पाच-सहा वर्षांची पीएच.डी., जिच्या काळात नेट उत्तीर्ण विद्यार्थ्याला छात्रवृत्ती मिळू शकते. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि दिल्लीतील राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्था यांची माहिती आताच काढून ठेवा. सूक्ष्मजीवशास्त्राखेरीज गणित आणि संगणकही गांभीर्याने शिका. फाल्सिपेरमच्या सुमारे 5,300 जनुकांचा आराखडा 2002 मध्येच प्रसिद्ध झाला असला, तरी त्यांतील कित्येकांचे कार्य आजही ठाऊक नाही. हिवतापाच्या परजीवीच्या व्हायव्हॅक्स या दुसऱ्या जातीवरील लशीसाठी झटणारे चेतन चिटणीस यांची एम.एस्सी. भौतिकशास्त्रातील आहे, हेही ध्यानात असू द्या.

प्रश्न : माझी मुलगी अशा प्रयोगशाळेत जाणार आहे. परजीवी हाताळताना तिला हिवताप होईल का?
— एक पालक, सोलापूर

उत्तर : हिवताप हवेतून किंवा स्पर्शाने पसरत नाही, तो डासाच्या चाव्यातून किंवा परजीवीयुक्त रक्त शरीरात गेल्याने होतो. 1976 मध्ये ट्रेगर आणि जेन्सन या संशोधकांनी मेणबत्ती जळून विझलेल्या बंद भांड्यातील कमी प्राणवायूत, मानवी तांबड्या पेशींमध्ये हा परजीवी सतत वाढवून दाखवला, आणि तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत तो असाच काचेच्या भांड्यांत वाढवला जातो. धोका आहे तो मुख्यतः सुई टोचण्याचा किंवा फुटलेली काच लागण्याचा. हातमोजे घालणे, वापरलेली सुई पुन्हा झाकणात न घालणे आणि असे काही घडल्यास त्याच दिवशी मार्गदर्शकांना सांगून रक्त तपासून घेणे, ही शिस्त तिने पहिल्या दिवसापासून पाळावी. नंतरच्या आठवड्यांत थंडी वाजून ताप आला, तर डॉक्टरांना आपण कुठे काम करतो हे तिने आधी सांगावे.