गुडघा गेला, आता कोच होतो म्हणतोय

मी कोल्हापुरात समुपदेशन करते. मुलाला घेऊन आलेल्या वडिलांनी आल्या आल्या फाइल माझ्या टेबलावर ठेवली. वर गुडघ्याच्या एमआरआयचा रिपोर्ट, त्याखाली मेकॅनिकल डिप्लोम्याची गुणपत्रिका आणि तळाशी घडी घातलेलं वर्तमानपत्राचं कात्रण. ते त्यांनी स्वतः उलगडून माझ्यापुढे सरकवलं. इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगाम थांबवल्याची जुलै 2025 मधली बातमी होती.

"देशातली सगळ्यात मोठी लीग अडकून पडलीय मॅडम, आणि आमचं पोरगं फुटबॉलचा कोच होतो म्हणतंय. काय म्हणायचं ह्याला?"

मुलगा शेजारीच बसला होता, उजवा पाय सरळ ठेवून. त्याला इथे सुहास म्हणते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. वय 23. वडिलांचं वाक्य संपायच्या आत तो म्हणाला, "खालिद जमील परवाच इंडियाचे कोच झालेत, ते नाही सांगणार तुम्ही." तेही खरं होतं. ऑगस्टचा पहिला आठवडा होता आणि बातमी ताजी होती. दोघांकडे आपापला पुरावा होता, आणि दोघेही माझ्याकडून निकाल मागत होते.

कोल्हापुराबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. इथे कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉल वाढवला. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ही फुटबॉल संघांची नावं आहेत. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की त्या पेठेतली दुकानं लवकर बंद होतात. पेठेतल्या पोराच्या पायात बूट येण्याआधी त्याचा संघ ठरलेला असतो. सुहास अशाच एका संघाचा राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा बचावपटू. तीन हंगाम खेळला. चौथ्या हंगामात एका सामन्यात वळताना गुडघा फिरला, एसीएल म्हणजे गुडघा बांधून ठेवणारं लिगामेंट तुटलं, सोबत कार्टिलेज म्हणजे सांध्यातली कूर्चाही गेली. ऑपरेशन झालं, फिजिओथेरपी झाली, आणि शेवटी सर्जननी स्पष्ट सांगितलं की चालशील, पळशील, पण सामना खेळू नकोस.

वडिलांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप. मुलाने डिप्लोमा केलाय, धंद्यात यावं, नाहीतर सरकारी नोकरीचा अभ्यास करावा, एवढंच त्यांचं म्हणणं. यात चूक काय? "पोरगं फुटबॉल कोच होतो म्हणतंय, यात करिअर आहे का?" हा प्रश्न घेऊन येणाऱ्या पालकांना अडाणी, हौस मारणारे वगैरे ठरवायची एक पद्धत पडली आहे. मला ती मुळीच मान्य नाही. ज्याने आयुष्यभर एकेका जॉबचे, म्हणजे लेथवर चढवलेल्या एकेका कामाचे, पैसे मोजून घेतले, तो महिन्याला किती मिळणार हे विचारणारच.

वडिलांची शंका दुहेरी होती. पहिली अशी, की जो मोठ्या पातळीवर खेळलाच नाही त्याला कोच म्हणून कोण विचारणार? याचं उत्तर देणं सोपं आहे. सय्यद अब्दुल रहीम हैदराबादचे शाळामास्तर. खेळाडू म्हणून त्यांचं नाव आज कुणाला आठवत नाही. पण भारताने 1951 आणि 1962 च्या आशियाई खेळांत फुटबॉलचं सुवर्ण जिंकलं आणि 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला, तो त्यांच्याच हाताखाली. 1962 मध्ये जकार्तातल्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला 2-1 असं हरवलं तेव्हा ते कॅन्सरने खंगलेले होते, पुढच्याच वर्षी गेले. सुहासने मला आणखी एक नाव ऐकवलं, जर्मनीच्या युलियान नागल्समानचं. गुडघ्याच्या दुखापतीने विशीतच खेळ सुटला, आणि 28 व्या वर्षी तो बुंडेसलीगा या जर्मनीच्या सर्वोच्च लीगमधल्या होफेनहाइम संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. सुहासच्या मोबाइलच्या स्क्रीनवर त्याचाच फोटो होता.

तो फोटो पाहून मात्र मला काळजी वाटली. नागल्समान गुडघा गेला म्हणून कोच झाला नाही. गुडघे हजारोंचे जातात.

म्हणून वडिलांचा दुसरा प्रश्न, पैशांचा, मी त्या दिवशी बाजूला ठेवला आणि सुहासला विचारलं, "तू सध्या कुणाला शिकवतोस?" तो म्हणाला, रोज संध्याकाळी पेठेतल्या मैदानावर 9-10 वर्षांची पोरं असतात, त्यांना. मी म्हटलं, मी येऊन बघते.

समुपदेशकाने खुर्ची सोडून मैदानावर जावं का, यावर आमच्यात मतभेद आहेत. मला खुर्चीतून जे तीन बैठकांत कळलं नसतं ते तिथे वीस मिनिटांत कळलं. पंधराएक पोरं होती. सुहास मध्यभागी उभा राहून ओरडत होता, "पास दे! अरे उजवीकडं बघ! किती वेळा सांगायचं!" मधेच राहवलं नाही की स्वतः बॉल काढून घ्यायचा आणि दाखवायचा. दाखवायचा फार सुरेख. पोरं थांबून त्याच्याकडे बघत राहायची आणि बॉल पुन्हा मिळेपर्यंत गार पडायची. गोलमध्ये एक बारकं पोरगं होतं. त्याचे ग्लोव्ह्ज इतके मोठे की मनगटाला रबरबँड लावले होते. त्याने तीन गोल खाल्ले. प्रत्येक गोलनंतर सुहास ओरडला आणि प्रत्येक वेळी ते पोरगं आपल्या हातांकडे बघत राहिलं.

नंतर पायरीवर बसून मी विचारलं, "तो गोलकीपर आज काय शिकला?"

"काय शिकणार? तीन गोल खाल्ले त्यानं."

"आणि तू?"

तो गप्प बसला. मग बराच वेळ गुडघ्यावरून हात फिरवत राहिला आणि म्हणाला, "मॅडम, मला अजून स्वप्नात तीच मॅच पडते. मी वळतच नाही. बॉल बाहेर जाऊ देतो." आणि रडला. ऑपरेशननंतर तो कुणासमोर रडला नव्हता. घरात सगळे "पाय वाचला हे नशीब" म्हणत होते, मित्र "भावा, परत येशील की" म्हणत होते. खेळाडू म्हणून जे संपलं त्याचं सुतक त्याला कुणी पाळूच दिलं नव्हतं. पुढच्या चार बैठका आम्ही करिअरबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्या मॅचबद्दल बोललो, जर्सीबद्दल बोललो, स्टेडियममध्ये प्रेक्षक म्हणून बसवत नाही त्याबद्दल बोललो.

खेळ सुटल्याचं दुःख आणि शिकवण्याची ओढ या दोन गोष्टी बाहेरून अगदी सारख्या दिसतात. दोन्हींत माणूस मैदानाकडेच धावतो. पण पहिल्याला मैदानावर स्वतःचा राहिलेला सामना दिसत असतो आणि दुसऱ्याला समोरचं पोरगं. पहिली गोष्ट घेऊन कोच झालेली माणसं मी पाहिली आहेत. पाच-सात वर्षांत ती कडवट होतात आणि त्यांच्या हाताखालची पोरं खेळ सोडतात. म्हणून यात करिअर आहे का, या प्रश्नाच्या आधी मला हे तपासावं लागतं. कुणाही पालकाने तपासावं.

तपासायचं कसं? मी सुहासला शंभर पानी वही दिली. सहा आठवडे, रोज सराव संपल्यावर घरी जायच्या आधी लिहायचं. स्कोअर लिहायचा नाही. कुठल्याही तीन पोरांबद्दल एकेक ओळ: आज काय जमलं, काय अडलं, कशामुळे अडलं. शिवाय एक अट: सरावात स्वतः बॉलला पाय लावायचा नाही.

पहिल्या दोन आठवड्यांची वही वाचवत नव्हती. "लक्ष नाही." "आळशी." "पास देत नाही." सगळे शेरे. तिसऱ्या आठवड्यात एका पानावर हे सापडलं, त्याच्याच शब्दांत देते: "किपर बॉलच्या मागं जात नाही, नुसते हात पुढं करतो. ग्लोव्ह्ज मोठे, थोरल्या भावाचे. बॉल हाताला कळतच नाही त्याला. उद्या ग्लोव्ह्ज काढून, टेनिस बॉल, जवळून." दुसऱ्या दिवशीची नोंद: "12 पैकी 9 धरले. हसला." आणि त्याखाली, पुसून पुन्हा लिहिलेलं: "मी पण."

ते पान वडिलांना दाखवायची परवानगी मी सुहासकडून घेतली. वडिलांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "टूल जॉबला बसत नसलं की आम्ही जॉबला शिव्या देत नाही." लेथवर उभ्या राहिलेल्या माणसाला कोचिंग मी समजावून सांगायची गरज नव्हती.

मग पैशांचा प्रश्न घेतला, आणि इथे गोड बोलून चालत नाही. कोच होण्याची लायसन्सची एक ठरलेली शिडी आहे: ई, डी, सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो. सुरुवातीचे कोर्स अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे, महाराष्ट्रात ते वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनमार्फत होतात. वरची लायसन्स आशियाई महासंघाची. एक पायरी केली की लगेच दुसरी करता येत नाही, मधल्या काळात प्रत्यक्ष शिकवलेलं असावं लागतं. वर जावं तसा खर्च वाढतो. वरपर्यंत पोचायला बरीच वर्षं जातात आणि पोचणारे थोडे.

पोचल्यावरही खुर्ची पक्की नसते. खालिद जमील यांचंच घ्या. सात वर्षं मुंबई एफसी हा संघ सांभाळल्यावर 2016 मध्ये ते तिथून बाहेर पडले, मिझोरामच्या ऐजॉल संघाकडे गेले आणि पुढच्याच हंगामात त्या छोट्या संघाला आय-लीग ही राष्ट्रीय लीग जिंकून दिली. विजेते होऊनही ते तिथे टिकले नाहीत, लगेच कोलकात्याला गेले. सुहासला ही गोष्ट पराक्रमाची वाटत होती. मी त्याला तीच गोष्ट घर बदलणाऱ्या माणसाची म्हणून पुन्हा सांगायला लावली. मुंबई, मग मिझोराम, मग कोलकाता. लग्न, आईवडील, पेठ हे सगळं त्यात कुठे बसतं, ते बोललो.

पण मोठी लीग अडकली म्हणून कोचचं काम संपत नाही, हे मी वडिलांनाही ठामपणे सांगितलं. बहुतेक कोच शाळा, अकादम्या आणि क्लबच्या लहान गटांमध्येच पोट भरतात. अनिकेत जाधव 2017 चा 17 वर्षांखालील विश्वचषक खेळला तेव्हापासून कोल्हापुरातल्या आया लहान मुलांना मैदानावर घेऊन येतात. त्या मुलांना शिकवणारं कुणी हवं असतं. शाळेत क्रीडाशिक्षक म्हणून कायम व्हायचं तर बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी हवी, नुसतं लायसन्स चालत नाही. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, म्हणजे एनआयएसचा, डिप्लोमा सरकारी प्रशिक्षकपदासाठी मोलाचा. सरकारी नोकरीतल्या 5 टक्के खेळाडू आरक्षणाची आशा वडिलांना होती, पण त्यासाठी मान्यताप्राप्त संघटनांच्या स्पर्धांतली कामगिरी लागते. पेठेच्या ट्रॉफ्या त्यात धरत नाहीत. घरातलं ट्रॉफ्यांचं कपाट कामाचं नाही हे सांगताना मला वाईट वाटलं, पण न सांगणं त्याहून वाईट झालं असतं.

शेवटी दोन वर्षांचा करार केला, कागदावर, तिघांच्या सह्यांनी. सकाळी वर्कशॉप, तिथला पगार हातात. संध्याकाळी मैदान, पोरांकडून फी, आधी फुकट होतं ते बंद. लायसन्सची फी सुहासने आपल्या कमाईतून भरायची. दर सहा महिन्यांनी जमाखर्च वडिलांना दाखवायचा. दोन वर्षांनी सी लायसन्स नाही किंवा कुठल्याही शाळा-अकादमीत पगारी काम नाही, तर बी.पी.एड. किंवा धंदा, यावर नव्याने बसायचं. आई त्या दिवशी पहिल्यांदाच आली होती. ती म्हणाली, "सही मी पण करणार." मग चार सह्या झाल्या.

सुहासचं डी लायसन्स झालं आहे. पहिल्या सहामाहीचा जमाखर्च तोट्यात होता, कारण त्याने सरावाचे शंकू, बिब (संघ ओळखायला जर्सीवर घालायचे रंगीत अंगरखे) आणि दहा बॉल एकदम घेतले. त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता. तिसऱ्या दिवशी वडिलांचा मला फोन आला. मला वाटलं करार मोडायचं म्हणतायत. ते म्हणाले, "मॅडम, ह्याला विचारलं तर तोंड फुगवून बसलाय, म्हणून तुम्हाला विचारतो. बारक्या पोरांच्या गोलपोस्टला रुंदी किती ठेवत्यात? पाइप पडून हाय माझ्याकडं."

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, त्यालाच विचारा.