सरकारी मेडिक्लेम सोडू का?

प्रश्न: मी कोथरूडला राहते. आईबाबांची मेडिक्लेम बरीच वर्षं सरकारी कंपनीत आहे. एजंट म्हणतो सरकारी कंपन्या तोट्यात आहेत, खाजगीत पोर्ट करा, म्हणजे पॉलिसी तिकडे हलवा. शेजारचे काका म्हणतात सरकारी आहे, बुडणार नाही. कोणाचं ऐकू?

उत्तर: ताई, आधी तुमची सरकारी कंपनी नेमकी कुठली ते पॉलिसीवर बघा, कारण त्या चार आहेत आणि चौघींची तब्येत सारखी नाहीये. न्यू इंडिया 2017 पासून शेअर बाजारात लिस्टेड आहे आणि तिची सॉल्व्हन्सी, म्हणजे देणी भागवायची ताकद मोजणारा आकडा, नियमातल्या 1.5 च्या वर आहे. नॅशनल, ओरिएंटल, युनायटेड इंडिया या तिघींची मात्र 2023-24 अखेर शून्याच्याही खाली होती. सरकारने 2019-20 ते 2021-22 मध्ये या तिघींत 17,450 कोटी ओतले तरी ही स्थिती, म्हणजे एजंट अगदीच खोटं बोलत नाहीये.

पण तोटा कशामुळे तेही बघा ना. 100 रुपये प्रीमियम आला आणि क्लेम, कमिशन, पगार मिळून 115 गेले तर कंबाइन्ड रेशो 115 झाला. सरकारी कंपन्या साधारण याच्याही वर असतात, कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांचे मोठमोठे ग्रुप मेडिक्लेम पडेल त्या भावात घेतल्यामुळे, आणि वरचा खड्डा जुन्या शेअर्सच्या नफ्यातून जमेल तेवढा भरतात. आपल्या येरवड्यातल्या बजाज या खाजगी विमा कंपनीचा रेशो 100 च्या आसपास असतो, पण खाजगीतही बऱ्याच जणी 100 च्या वरच आहेत बरं का.

आता जो आकडा एजंट सांगत नाही तो सांगते. 2022-23 ला सरकारी कंपन्यांचे क्लेम प्रीमियमच्या 99 टक्के होते, खाजगीचे 75 च्या आसपास. म्हणजे कंपनीचा ताळेबंद ज्यामुळे बिघडतो तोच पैसा पॉलिसीवाल्यांच्या हातात जातोय, आणि माझ्या मते आईबाबांच्या वयाला हे जास्त महत्त्वाचं आहे. नुसत्या तोट्याच्या बातमीवर पॉलिसी हलवू नका. सरकार मालक आहे म्हणून कंपनी बुडू देणं अवघड, पण क्लेमला उशीर, कॅशलेस हॉस्पिटलं कमी हा त्रास होऊ शकतो, त्यामुळे तुमच्या भागातली हॉस्पिटलं यादीत आहेत का ते आधी तपासा.

तरीही पोर्ट करायचंच असेल तर रिन्यूअलच्या किमान 45 दिवस आधी अर्ज टाका, जुन्या आजारांचा वेटिंग पिरियड, म्हणजे क्लेम मिळण्याआधी थांबायची मुदत, जेवढी काढून झालीय तेवढी जुन्या विमा रकमेपुरती नव्या कंपनीत धरली जाते. आणि नवीन कंपनीचा लेखी होकार हातात येईपर्यंत जुनी पॉलिसी लॅप्स होऊ देऊ नका, वय आणि आजार बघून ती सरळ नाही म्हणू शकते.